नवले पुलाच्या उतारावर गाडी बंद पडली : आत बसून राहावे की बाहेर पडावे?

वडगावकर

नमस्कार मंडळी.

गेल्या रविवारी रात्री साताऱ्याहून पुण्याला परतताना आमची गाडी कात्रजचा नवा बोगदा आणि दरी पूल ओलांडल्यावर, नवले पुलाकडे उतरणाऱ्या उतारावर बंद पडली. कोणालाही इजा झाली नाही आणि गाडीलाही ओरखडा उमटला नाही. तरीही त्या तासाभरात मी जे जे केले त्यातले नेमके काय बरोबर होते आणि काय केवळ नशिबाने निभावले, हे मला अजून उमगलेले नाही. म्हणून प्रसंग जसा घडला तसा लिहिते आहे. जाणकारांनी माझ्या चुका निःसंकोचपणे दाखवाव्यात.

गाडी सात वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, साध्या गिअरची आहे. मी चालवत होते, शेजारी बहात्तर वर्षांची आई होती आणि मागे आठ वर्षांचा मुलगा झोपला होता. शिरवळच्या आसपास डॅशबोर्डवर बॅटरीचे लाल चिन्ह उजळले. गाडी मात्र पूर्वीसारखीच चालत होती, त्यामुळे घरी पोहोचल्यावर पाहू असे म्हणून मी पुढे निघाले. खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडल्यावर हेडलाइटचा उजेड पिवळट वाटू लागला. भुरभुर पाऊस होता आणि वायपर आळसावल्यासारखे फिरत होते. बोगद्यातून बाहेर आल्यावर काही मिनिटांतच स्टिअरिंग एकाएकी जड झाले, डॅशबोर्ड विझला आणि इंजिनाचा आवाज थांबला. मी घाबरून ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे घेतली खरी, पण ती थांबली तेव्हा अर्धी साइडपट्टीवर आणि अर्धी डाव्या मार्गिकेत होती. चारही इंडिकेटर लावले, तेही मिणमिणते. पाचेक मिनिटांत तेवढेही उरले नाहीत.

पहिली दहा मिनिटे आम्ही तिघेही आत बसून होतो. मी विमा कंपनीच्या मदतसेवेला फोन लावला. पलीकडून पॉलिसीचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, मग 'नजीकची खूण' असे एकामागून एक विचारले गेले आणि शेवटी दीड तास लागेल असे सांगण्यात आले. दरम्यान शेजारून ट्रक गेला की आमची गाडी अक्षरशः हलत होती. तेवढ्यात एक टेम्पोचालक पुढे जाऊन थांबला, धावत आला आणि काच वाजवून म्हणाला, "ताई, आदी पोराला आन् आजींना खाली घ्या, गाडीचं मागनं बघू." त्याने झुडपाची एक फांदी तोडून गाडीच्या मागे टाकली. डिकीत मागच्या वाहनांना इशारा देणारा चमकता त्रिकोण असल्याचे तेव्हा मला आठवले. पेढ्यांच्या पिशव्या आणि बॅगा उपसून तो काढला तर कंपनीचे प्लास्टिकचे आवरणसुद्धा निघालेले नव्हते. मोबाइलच्या उजेडात त्याच्या दोन बाजू वर एकमेकींत अडकवायच्या की आधी पाय उघडायचे, हे कळेपर्यंत बराच वेळ गेला. अखेर तो गाडीपासून दहाएक पावलांवर ठेवला, तर पुढच्याच ट्रकच्या वाऱ्याने आडवा झाला. नंतर त्याच्या पायांवर दगड ठेवले. पुढे टेम्पोचालकाने आणखी दोघांना थांबवले आणि चौघांनी मिळून गाडी पूर्णपणे साइडपट्टीवर ढकलली. आई आणि मुलगा या सर्व काळात गाडीच्या पुढच्या बाजूला, बॉनेटला टेकून उभे होते, कारण गाडीचा आडोसा आहे असे मला वाटले.

अशा वेळी माणसांनी आत बसावे की उतरावे, उतरल्यावर उभे कुठे राहावे, त्रिकोण किती अंतरावर ठेवावा आणि विमा कंपनीच्या मदतसेवेखेरीज कोणाला फोन करावा, हे कोणी नीट सांगेल का?


कासारवाडी_गॅरेज

ताई, तुम्ही सगळे सुखरूप घरी पोहोचलात हे महत्त्वाचे. तुम्ही चुका दाखवायला सांगितले आहे म्हणून लिहितो, रागवू नये. माझे गॅरेज तीस वर्षांपासून आहे आणि महामार्गावरून गाड्या उचलून आणण्याचे काम त्यातली निम्मी वर्षे केलेले आहे.

पहिली चूक उतारावर झालेली नाही, ती शिरवळला झाली. बॅटरीचे लाल चिन्ह पाहून बहुतेकांना बॅटरी जुनी झाली असे वाटते. प्रत्यक्षात ते चिन्ह चार्जिंग थांबल्याचे सांगत असते : अल्टरनेटर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) गेला आहे किंवा त्याचा पट्टा तुटला अथवा सैल झाला आहे. त्या क्षणापासून गाडी केवळ बॅटरीत साठलेल्या विजेवर चालते, आणि पेट्रोलच्या पंपापासून स्पार्क प्लगपर्यंत, हेडलाइटपासून वायपरपर्यंत सर्वांना तीच वीज लागते. रात्र, पाऊस आणि एसी असा तिहेरी भार असेल तर हा साठा अर्ध्या ते एका तासात आटतो. तुमचे दिवे पिवळे पडले, वायपर मंदावले, मग गाडी बंद झाली आणि शेवटी इंडिकेटरही विझले, हा सगळा क्रम त्याच एका कारणाचा आहे. असे चिन्ह लागल्यावर एसी, पंखा, गाणी, मोबाइलचा चार्जर हे सर्व बंद करावे, हेडलाइट मात्र बंद करू नयेत, आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे, कारण काही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. मग जो पहिला उजेडाचा, माणसांचा ठाव दिसेल, पेट्रोल पंप असो, हॉटेल असो, तेथे गाडी आत घ्यावी. तुमच्या वाटेत तर टोलनाकाच होता. इतर बिघाडांत गाडी कुठे थांबेल ते आपल्या हातात नसते, या बिघाडात ते होते.

आता चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले तर काय करावे ते सांगतो. किल्ली काढू नये किंवा पूर्ण मागे फिरवू नये, अन्यथा स्टिअरिंगला कुलूप लागते. स्टिअरिंग जड होते पण वळते, दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो एवढेच. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा दाबण्यापुरती निर्वात शिल्लक असते, म्हणून पायाने पंप मारल्यासारखे न करता एकदाच दाबून धरावे. साध्या गिअरची गाडी असेल तर ती न्यूट्रलमध्ये टाकू नये. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून क्लच सोडला की चाके बंद इंजिनाला फिरवतात, त्यामुळे गाडीचा वेग आवरतो आणि पेट्रोल गाडीत बूस्टरही काही प्रमाणात काम करत राहतो. तुम्ही घाबरून लगेच ब्रेक दाबला तेथे गाडीचा उरलेला वेग वाया गेला. उतार होता, म्हणजे गाडीला ढकलणारे कोणी नसतानाही आणखी शंभर-दोनशे मीटर जाण्याची सोय होती. तो वेग वापरून गाडी पूर्ण साइडपट्टीवर, कठड्याला लागून, पण डावे दरवाजे उघडतील इतकी फट ठेवून उभी करता आली असती. मात्र 'उतार आहेच तर घरापर्यंत जाऊ' असा मोहही धरू नये. नवले पुलापर्यंतचा हा उतार काही किलोमीटरचा आहे, आणि डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडलेल्या अवजड गाड्यांचे ब्रेक याच उतारावर तापून निकामी होतात. त्यांच्या पुढे बिनब्रेकची कार घेऊन घरंगळणे म्हणजे विषाची परीक्षा.

गाडी थांबल्यावर हँडब्रेक ओढावा, गिअर टाकून ठेवावा आणि पुढची चाके डावीकडे, कठड्याच्या दिशेने वळवावीत, म्हणजे मागून धक्का बसलाच तर गाडी रस्त्याच्या मध्यभागी येणार नाही. त्यानंतर माणसे. सर्वांनी डाव्या दरवाजाने उतरावे, चालवणाऱ्यानेही शक्य असल्यास डावीकडे सरकून तिकडूनच उतरावे. त्या टेम्पोवाल्याने तुम्हाला पहिल्या वाक्यात जे सांगितले ते माझ्या मते सर्वांत अचूक होते.

आई आणि मुलगा गाडीच्या पुढे उभे होते हे वाचून मात्र मी क्षणभर थांबलो. गाडीचा आडोसा असतो हा समज फार घातक आहे. मागून धडक बसली की उभी गाडी पुढे फेकली जाते आणि पुढे जो उभा असेल त्याच्यावर जाते. माणसांनी कठड्याच्या पलीकडे जावे, आणि गाडीच्या पुढे न थांबता, जिकडून वाहने येतात त्या बाजूला गाडीपासून पंधरा-वीस मीटर मागे उभे राहावे. गाडी पुलावर असेल तर कठडा ओलांडण्याआधी पलीकडे जमीन आहे का ते उजेड टाकून पाहावे. दोन शेजारी पुलांमधली फट रात्री दुभाजकासारखी दिसते आणि ती ओलांडताना खाली पडून माणसे दगावलेली आहेत.

गाडी ढकलण्याबद्दल. ती ढकलल्यामुळे धोका कमी झाला हे खरे, पण चार माणसे वाहतुकीकडे पाठ करून, अंधारात, दिवे गेलेल्या गाडीच्या मागे उभी होती हेही खरे. मागे उभी असलेली माणसे उरलेसुरले दिवेही झाकतात, तसेच उघड्या डिकीनेही अनेक गाड्यांचे दिवे वर जातात किंवा झाकले जातात. ढकलायचेच असेल तर एकाने साइडपट्टीच्या कडेने चांगले पन्नास-साठ मीटर मागे जाऊन हातातली बॅटरी (टॉर्च) हलवत राहावे आणि त्याने ओरडून सांगितल्यावर बाकीच्यांनी गाडी सोडून कठड्याकडे पळावे, असे आधी ठरवून घ्यावे.


रोजचा_प्रवासी

कासारवाडीच्या काकांनी गाडीचे सांगितले, मी त्रिकोणाचे आणि फोनचे सांगतो. कामानिमित्त आठवड्यातून चार दिवस पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाने पनवेलपर्यंत ये-जा असते.

दहा पावले म्हणजे जेमतेम सात मीटर. ताशी ६० किलोमीटरने येणारे वाहन एका सेकंदात जवळपास १७ मीटर अंतर कापते, म्हणजे तुमचा त्रिकोण त्या चालकाला अर्ध्या सेकंदाचीही सवड देत नव्हता. कोरड्या, सपाट रस्त्यावर, चांगल्या ब्रेकच्या कारला ताशी ८० वरून थांबण्यासाठी चालकाला भान येण्याचा वेळ धरून ७० मीटरच्या आसपास अंतर लागते, आणि ताशी १०० वरून ते १०० मीटरच्या जवळ जाते. ओला रस्ता, उतार आणि मालाने भरलेला ट्रक असेल तर हे आकडे विसरावेत. म्हणून शहरातल्या रस्त्यावर ५० मीटर आणि महामार्गावर किमान १०० ते १५० मीटर हे अंतर मी धरतो. अंधारात मीटर मोजता येत नाहीत, त्यामुळे दीडशे-दोनशे पावले मोजत जावे. दिवे घाटासारख्या वळणाच्या रस्त्यावर तर अंतरापेक्षा जागा महत्त्वाची असते : वळणानंतर ठेवलेला त्रिकोण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, तो वळणाच्या अलीकडेच हवा. ठेवायला जाताना तो उघडून, छातीसमोर, वाहनांकडे तोंड करून धरावा आणि शक्य तेथे कठड्याच्या पलीकडूनच चालत जावे.

आता यालाच माझा अपवाद. द्रुतगती मार्गावर रात्री मी त्रिकोण ठेवायला मागे जात नाही. तेथे गाड्या सेकंदाला २८ मीटर वेगाने येत असतात, साइडपट्टीवरूनही पुढे घुसणारे महाभाग असतात, आणि शंभर मीटर मागे जाऊन परत येण्यात दोन-तीन मिनिटे मी त्यांच्या वाटेत असतो. गाडी पूर्णपणे साइडपट्टीत असेल आणि तिचे दिवे चालू असतील तर चारही इंडिकेटर लावून मी सरळ कठड्यापलीकडे जातो आणि फोन करतो. गाडी मार्गिकेतच अडकली असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही आधी फोन, मग त्रिकोण.

फोनसंबंधी. सातारा रस्ता आणि शहराबाहेरून जाणारा बाह्यवळण रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे, त्यामुळे तेथे १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांचा चोवीस तास चालणारा मदत क्रमांक लावावा. टोल असलेल्या टप्प्यांवर गस्तीची गाडी, क्रेन आणि रुग्णवाहिका ठेवलेल्या असतात. त्या गाडी दुरुस्त करून देत नाहीत, पण वाहतुकीच्या वाटेतून बाजूला करतात, आणि पहिल्या अर्ध्या तासात तेवढेच हवे असते. गाडी मार्गिकेत उभी असेल तर तो अपघाताला निमंत्रण देणारा प्रसंग आहे असे समजून थेट ११२ लावावा, संकोच करू नये. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग मात्र राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा नसून राज्य रस्ते विकास महामंडळाचा आहे, म्हणून त्याचा स्वतंत्र मदत क्रमांक रस्त्यावरच्या फलकावरून एकदा मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावा. तेथे गाडी बंद पडल्यावर फलक शोधत चालणे शक्य नसते.

आणि 'नजीकची खूण' या प्रश्नाचे उत्तर पाठ असावे. महामार्गावर खूण म्हणजे किलोमीटरचा फलक आणि दिशा. 'पुणे वाहिनी, किलोमीटर अमुक, बोगद्याच्या पुढे' एवढे सांगितले की क्रेनवाल्याला कळते. दिशा सांगायची राहिली तर क्रेन पलीकडच्या वाहिनीवर येऊन उभी राहते आणि तिला वळून यायला मैलोगणती जावे लागते, हा अनुभव मी घेतलेला आहे. द्रुतगती मार्गावर किलोमीटरची मोजणी कळंबोलीकडून सुरू होते हेही लक्षात ठेवावे.


कासारवाडी_गॅरेज

रोजच्या प्रवाशांशी त्रिकोणाबाबत मी सहमत नाही, निदान पूर्णपणे नाही. दिवे चालू असतील तर त्यांचे म्हणणे मान्य. परंतु या ताईंच्या गाडीला एकही दिवा उरलेला नव्हता, गाडी अर्धी मार्गिकेत होती आणि पाऊस होता. अशा काळोख्या गाडीमागे त्रिकोणही नसेल तर येणाऱ्या चालकाला ती शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. वीजच गेली असेल तर त्रिकोण हाच तुमचा दिवा आहे, कारण त्याला वीज लागत नाही, समोरच्याच्या हेडलाइटवर तो चमकतो. मात्र तो कोणी ठेवायचा, तर ज्याला पळता येते आणि ज्याच्या अंगावर चमकणारे जाकीट आहे त्याने. सायकलवाल्यांच्या दुकानात मिळते तसले साधे जाकीटही चालते, पण ते डिकीत नको, पुढच्या सीटखाली हवे. अंगावर चढवूनच गाडीतून उतरायचे असते.


वडगावकर

दोघांचेही मनापासून आभार. काका, रागावण्याचा प्रश्नच नाही. शिरवळची चूक वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.

एक शंका राहिली. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. तो पत्र्याचा कठडा कमरेइतका उंच असतो, तो ओलांडणे तिला दिवसाही शक्य नाही. अशा माणसाला आत बसवून ठेवावे का? तसेच त्या टेम्पोचालकाने टाकलेल्या फांदीबद्दल कोणीच काही लिहिलेले नाही. ती मी निघताना उचलली नाही, हे घरी आल्यावर आठवले.


हडपसर_ते_सासवड

आईंबद्दल मी लिहिते, कारण माझे सासरे काठी घेऊन चालतात आणि दिवे घाटातून आमचे दर आठवड्याला जाणे होते.

कठडा अखंड नसतो. पाणी जाण्यासाठी, सेवा रस्त्यासाठी, कुठे शेताच्या वाटेसाठी तो मध्ये तुटलेला असतो. पंचवीस-तीस मीटरच्या आत अशी जागा मागच्या दिशेला दिसत असेल तर वृद्ध माणसाला कठड्याला अगदी घासून, आपण वाहतुकीच्या बाजूला राहून, तेथपर्यंत न्यावे. डिकीत आम्ही एक घडीचे स्टूल ठेवतो, ते तेथे उघडता येते. हे शक्य नसेल आणि गाडी पूर्णपणे साइडपट्टीत असेल तर मागच्या सीटवर ठेवू नये, पुढच्या डाव्या सीटवर बसवावे, सीटबेल्ट लावावा आणि डोक्यामागची उशी डोक्याच्या उंचीइतकी वर ओढावी, कारण धक्का मागून येण्याचीच शक्यता अधिक असते. आणि गाडी वाहत्या रहदारीच्या मधल्या मार्गिकेत अडकली असेल, दोन्ही बाजूंनी गाड्या जात असतील, तर कोणीच उतरू नये. सर्वांनी बेल्ट लावून, दिवे चालू ठेवून, ११२ ला फोन करून वाहतूक अडवली जाईपर्यंत आत थांबावे. रहदारीतून पळत कडेला जाण्यापेक्षा ते कमी धोक्याचे आहे.

बोनेटमधून धूर किंवा जळका वास येत असेल तर मात्र यातले काही लागू नाही, तेव्हा सर्वांनी तत्काळ बाहेर पडून लांब जायचे. बोनेट उघडायला जायचे नाही, कारण आत हवा गेली की ज्वाळा भडकते.


कात्रजचा_दुचाकीस्वार

फांदीबद्दल मी लिहितो, कारण मी रोज त्याच उतारावरून दुचाकीने जातो.

त्रिकोण नसलेल्या माणसाने फांदी टाकणे ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे आणि तिचा अर्थ प्रत्येक चालकाला कळतो, म्हणून त्या टेम्पोवाल्याचे मी चूक मानत नाही. हिरवी पानांची फांदी दिवसा दिसतेही. रात्री मात्र ओल्या डांबरावर ती दिसत नाही. खरा त्रास गाडी निघून गेल्यानंतरचा आहे. ट्रकवाले चाकाखालचे मोठमोठे दगड आणि मागे मांडलेली दगडांची रांग तशीच टाकून जातात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दुचाकीचे पुढचे चाक त्यावर जाते. माझ्या मित्राचे मनगट असेच मोडले. ताई, तुम्ही त्रिकोणावर ठेवलेले दगड उचललेत का, हे विचारायचे धाडस करतो.

जाता जाता, गाडी तेथेच सोडून घरी जाण्याचा विचार कोणाच्या मनात आला तर मोटार वाहन कायदा १९८८ लक्षात असावा. कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका होईल अशा स्थितीत वाहन सोडणे गुन्हा आहे, आणि कलम १२७ प्रमाणे दहा तास बेवारस राहिलेले किंवा धोकादायक ठरणारे वाहन पोलिसांना हलवता येते, त्याचा खर्च मालकाकडून घेतला जातो.


वडगावकर

दगड त्या टेम्पोचालकानेच लाथेने कडेला सारले होते. फांदी मात्र राहिली होती, ती मी काल सकाळी ऑफिसला जाण्याआधी सेवा रस्त्याने जाऊन शोधली. ती तेथे नव्हती, कोणीतरी उचलली असावी किंवा चाकांखाली चुरा झाली असावी.

गॅरेजमध्ये गाडी उघडली तेव्हा अल्टरनेटरचे कार्बन ब्रश पूर्ण झिजलेले निघाले, पट्टा शाबूत होता. रविवारी दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलाला घेऊन त्रिकोण जोडण्याचा सराव केला. पहिल्यांदा मला चार मिनिटे लागली, त्याला दीड. आता त्रिकोण मागच्या सीटखाली, आवरणाशिवाय ठेवलेला आहे, आणि दोन जाकिटे पुढच्या सीटखाली. १०३३ आणि द्रुतगती मार्गाचा क्रमांक आईच्या मोबाइलमध्येही घातला.

काका, टोचन करून गाडी आणण्याबद्दल एक विचारायचे आहे. मदतसेवेची गाडी यायला उशीर होता तेव्हा एक जण दोरी लावून वडगावपर्यंत सोडतो म्हणत होता. मी नकार दिला, ते बरोबर केले का?


कासारवाडी_गॅरेज

अगदी बरोबर केले. बंद इंजिनाच्या गाडीला ब्रेक जड, स्टिअरिंग जड, आणि त्यातून उतार. सपाट रस्त्यावर दोरी ताणलेली राहते, उतारावर मात्र मागची गाडी पुढच्यावर जाऊन आदळते आणि दोरी चाकाखाली येते. दोरीचे टोचन फार तर पेट्रोल पंपापर्यंत, सपाटीवर, बैलगाडीच्या वेगाने. उतारावर क्रेन किंवा सपाट पाटाची गाडीच हवी. ऑटोमॅटिक आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या तर चालकचाके (इंजिन किंवा मोटर ज्यांना फिरवते ती) जमिनीवर टेकवून ओढूच नयेत, गिअरबॉक्स किंवा मोटर जाते. त्यांची चारही चाके पाटावर चढवून न्यावी लागतात, आणि मदतसेवेला फोन करताना हे आधीच सांगावे, नाहीतर हूकवाली क्रेन येते आणि परत जाते.

ब्रश बदलल्यावर एक काम राहिले असेल. तुमची बॅटरी त्या रात्री तळाला गेली होती, आणि साध्या गाडीची बॅटरी एकदा इतकी उतरली की तिची ताकद घटते. ती भार लावून तपासून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो लावून ठेवा. चालत्या गाडीत आकडा १२.५ च्या खाली घसरला तर लाल दिव्याची वाट पाहू नका, पुढचा पेट्रोल पंप गाठा.